मागेल त्याला काम : वि. स. पागे यांनी मांडलेला हिशेब

प्रतिनिधी, मीरा-भाईंदर

भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचा गाळा चालविणाऱ्या उद्योजकाच्या हाती महापालिकेचे मालमत्ता कराचे देयक पडते, तेव्हा त्यातील एका ओळीकडे त्याचे लक्ष क्वचितच जाते. ती ओळ असते रोजगार हमी उपकराची. मीरा रोडहून रोज सकाळी चर्चगेटकडे जाणाऱ्या नोकरदाराच्या वेतनातून दरमहा दोनशे रुपये आणि फेब्रुवारीत तीनशे रुपये व्यवसाय कर म्हणून कापले जातात. वर्षाचे अडीच हजार रुपये होतात. हा कर नेमका कशासाठी सुरू झाला, असे विचारले तर बहुतेकांना उत्तर देता येणार नाही. त्या उत्तराचा माग काढत गेले की सांगली जिल्ह्याच्या तासगाव तालुक्यातील कोरडवाहू शिवारात जाऊन पोहोचावे लागते आणि तेथे एका माणसाचे नाव पुढे येते. ते नाव म्हणजे विठ्ठल सखाराम पागे.

महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेचे जनक म्हणून पागे यांचा उल्लेख पाठ्यपुस्तकांत आणि स्पर्धा परीक्षांच्या प्रश्नपत्रिकांत होतो. पण एका ओळीच्या त्या उल्लेखात त्यांच्या कार्याचा गाभा हरवून जातो. राज्याची आर्थिक वाढ होत असताना ज्याच्या हाताला काम नाही त्याच्यापर्यंत ती वाढ कशी पोहोचवायची, आणि त्याची किंमत कोणी मोजायची, या दोन प्रश्नांची एकत्रित उत्तरे त्यांनी शोधली. आज विकास होतो पण रोजगार वाढत नाहीत, अशी चर्चा देशभर सुरू असताना पागे यांचे चरित्र पुन्हा उलगडून पाहणे म्हणूनच अगत्याचे ठरते.

कृष्णाकाठचा कार्यकर्ता

पागे यांचा जन्म २१ जुलै १९१० रोजी वाळवा तालुक्यातील बागणी या गावी झाला. हा भाग तेव्हा सातारा जिल्ह्यात होता. पुढे १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. बागणी हे कृष्णा आणि वारणा या नद्यांच्या खोऱ्यातले गाव. जमीन काळी, पाण्याची ददात नाही. तेथून पूर्वेला तासगावकडे निघाले की अवघ्या काही कोसांत चित्र बदलते. पाऊस कमी होत जातो, माळरान सुरू होते आणि शेती आभाळाच्या भरवशावर राहते. एकाच जिल्ह्यातील या दोन टोकांचा अनुभव पागे यांच्या विचारांना वळण देणारा ठरला असावा.

स्वातंत्र्य चळवळीने या परिसरातील तरुणांची एक पिढीच्या पिढी ओढून घेतली होती. क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखालील प्रतिसरकार याच मातीत उभे राहिले. पागे हे त्या काळात घडलेले, परंतु गांधीविचारांचा मार्ग पत्करलेले कार्यकर्ते होते. त्यांच्या व्यक्तिमत्त्वाला आणखी एक बाजू होती, ती संतसाहित्याच्या व्यासंगाची. वारकरी परंपरेत भुकेल्याला अन्न देणे हे पुण्य मानले जाते. पागे यांनी त्याच्या एक पाऊल पुढे जाऊन, धडधाकट माणसाला मागून खाण्याची वेळ येऊ नये याचा विचार केला. दान देणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असते. काम करून मिळविलेली मजुरी ही घेणाऱ्याच्या हक्काची असते. त्यांच्या योजनेचा पाया या फरकावर उभा आहे.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले आणि त्याच वर्षी पागे विधान परिषदेचे सभापती झाले. १९७८ पर्यंत, म्हणजे तब्बल अठरा वर्षे, त्यांनी हे पद भूषविले. यशवंतराव चव्हाण यांच्यापासून वसंतदादा पाटील यांच्यापर्यंतचे मुख्यमंत्री त्यांनी त्या आसनावरून पाहिले. सभापतीला पक्षाच्या राजकारणापासून अंतर राखावे लागते. मंत्रिपदाची सत्ता त्याच्याकडे नसते, खात्याचा निधी नसतो. मात्र सभागृहातील प्रत्येक पक्ष त्याचे म्हणणे ऐकून घेतो. रोजगार हमीसारखी नवी कल्पना सर्वांच्या गळी उतरविण्यासाठी हे स्थान मोलाचे ठरले.

घरच्या शेतातला हिशेब

साठच्या दशकातील महाराष्ट्र दोन वेगांनी चालत होता. मुंबई-ठाणे-बेलापूर आणि पुणे-पिंपरी-चिंचवड या पट्ट्यांत कारखाने उभे राहत होते. रसायने, औषधे, अभियांत्रिकी यांची भरभराट सुरू होती. दरडोई उत्पन्नात राज्य आघाडीवर होते. पण या कारखानदारीत भांडवल अधिक आणि माणसे कमी लागत. शिवाय ती राज्याच्या एका कोपऱ्यात एकवटलेली होती. दुसरीकडे सिंचनाखालील क्षेत्र देशाच्या सरासरीपेक्षा कितीतरी कमी. रब्बीची काढणी आटोपली की पुढचा पाऊस येईपर्यंत भूमिहीन मजुराला आणि लहान शेतकऱ्याला काम नसे. मग सावकाराचा उंबरठा किंवा मुंबईची गाडी, हे दोनच पर्याय उरत.

पागे यांनी या परिस्थितीकडे शेतकऱ्याच्या नजरेने पाहिले. पत्नीशी घरच्या शेतातील मजुरीच्या हिशेबाविषयी बोलणे चालले असताना त्यांना ही कल्पना सुचली, असे सांगितले जाते. ठरावीक रक्कम हाताशी असेल तर किती मजुरांना किती दिवस काम देता येईल, एवढा साधा तो हिशेब होता. एका शेताचा हिशेब गावाला लावता येतो, गावाचा तालुक्याला आणि तालुक्याचा राज्याला. हात रिकामे आहेत. दुसरीकडे बांध घालायचे आहेत, विहिरी खोदायच्या आहेत, नाले अडवायचे आहेत, रस्ते व्हायचे आहेत. दोहोंच्या मध्ये कमतरता आहे ती फक्त मजुरीच्या पैशांची. तो पैसा शासनाने उभा केला तर माणसाला काम मिळेल आणि जमिनीला पाणी मिळेल, अशी त्यांची मांडणी होती.

१९६५ मध्ये त्यांनी ही मांडणी मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्यापुढे ठेवली. नाईक हे स्वतः शेतीत मुरलेले. अन्नधान्याची टंचाई हा तेव्हा त्यांच्या सरकारपुढचा सर्वांत मोठा प्रश्न होता. तासगाव तालुक्यातील विसापूर परिसरात या कल्पनेचा प्रयोग करण्यात आला. अनुभव उत्साहवर्धक होता. १९६९ मध्ये एकात्मिक क्षेत्रविकास योजनेच्या रूपाने तिला थोडा विस्तार मिळाला. ही योजना पागे योजना या नावानेच ओळखली जाऊ लागली. १९७२ मध्ये राज्य शासनाने ग्रामीण भागासाठी रोजगार हमी योजना जाहीर केली.

याच सुमारास अर्थशास्त्रज्ञांच्या वर्तुळातही वारे बदलत होते. पुण्याचे वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचा भारतातील दारिद्र्यावरील अभ्यास १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. केवळ राष्ट्रीय उत्पन्न वाढले म्हणून तळातील माणसाचे उत्पन्न आपोआप वाढत नाही आणि त्यासाठी सार्वजनिक कामांचा मोठा कार्यक्रम हाती घ्यावा लागेल, असा त्यांचा निष्कर्ष होता. अभ्यासकांनी आकडेवारीतून जे मांडले, त्याची प्राथमिक चाचणी पागे यांनी तासगावच्या शिवारात आधीच घेतली होती.

बहात्तरचा दुष्काळ

योजना जाहीर झाली आणि तिच्यावर आभाळच कोसळले. १९७० पासून पावसाने ओढ दिली होती. १९७२ मध्ये तर तो जवळजवळ आलाच नाही. महाराष्ट्राच्या वयस्कर पिढीच्या मनातून तो दुष्काळ अजून गेलेला नाही. जनावरांच्या छावण्या, अमेरिकेतून आलेला मिलो, कामावरच्या मजुरांना वाटली जाणारी सुकडी आणि रस्त्याच्या कडेला खडी फोडणारी बायामाणसे, असे ते दिवस होते. मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवरील मजुरांची संख्या पन्नास लाखांच्या घरात पोहोचली. नवी योजना बाजूला ठेवून सारी यंत्रणा दुष्काळ निवारणाला जुंपावी लागली.

त्या कामांनी लाखो माणसांना जगविले, हे निर्विवाद आहे. जगातील अभ्यासकांनी त्याची नोंद घेतली. त्याचबरोबर त्या कामांची मर्यादाही उघडी पडली. खडी फोडून ढीग रचले गेले, पण कित्येक ठिकाणी त्या खडीचा रस्ता झालाच नाही. शासनाने दुष्काळ जाहीर केला तर काम, नाही केला तर काम नाही, अशी स्थिती होती. कोणत्या तालुक्यात काम काढायचे हे वरून ठरे.

पागे यांच्या कल्पनेत ही दिशाच उलटी होती. काम हवे की नको हे मजुराने सांगायचे आणि शासनाने ते पुरवायचे. दुष्काळ असो वा सुकाळ, मागणी आली की काम निघालेच पाहिजे. आणि ते काम असे हवे की पुढच्या दुष्काळात त्याचा उपयोग व्हावा. पाझर तलाव, नाला बांध, बांधबंदिस्ती, वनीकरण, पाटचाऱ्या यांवर भर देण्यामागे हा विचार होता. दुष्काळ ओसरल्यानंतर १९७४-७५ पासून योजनेची गाडी पुन्हा रुळावर आली.

पैसा आणायचा कोठून?

कल्याणकारी योजनांचा शेवट बहुधा एकाच ठिकाणी होतो, निधी नाही या शेऱ्यापाशी. कामाची हमी द्यायची तर पैशाची हमी आधी हवी. दुष्काळाच्या वर्षी मजुरांची मागणी दुप्पट होते, नेमक्या त्याच वर्षी राज्याचे उत्पन्न घटते. त्यामुळे दरवर्षीच्या अर्थसंकल्पातील तरतुदीवर हमी उभी करणे धोक्याचे होते.

यावर महाराष्ट्राने जो मार्ग काढला, तो देशात नवा होता. १९७५ मध्ये व्यवसाय कराचा कायदा करण्यात आला. नोकरदार, डॉक्टर, वकील, व्यापारी अशा शहरी उत्पन्न मिळविणाऱ्या वर्गाकडून कर घ्यायचा आणि तो रोजगार हमीच्या निधीत जमा करायचा, हे त्या कायद्याचे घोषित उद्दिष्ट होते. तेव्हा राज्यघटनेतील मर्यादेमुळे हा कर वर्षाला २५० रुपयांपेक्षा अधिक आकारता येत नसे. १९८८ च्या घटनादुरुस्तीने ही मर्यादा २,५०० रुपयांवर नेली आणि ती आजही तेवढीच आहे. त्याशिवाय विक्रीकरावर अधिभार, मोटार वाहनांवर जादा कर, बागायती जमिनीवर आकारणी आणि शहरांतील बिगरनिवासी मालमत्तांवर उपकर बसविण्यात आला. या करांतून जेवढी रक्कम जमेल तेवढीच रक्कम राज्य शासनाने स्वतःच्या तिजोरीतून घालायची, असे ठरले.

आर्थिकदृष्ट्या पाहिले तर ही व्यवस्था विलक्षण होती. जेथे वाढ होत होती तेथून पैसा उचलून जेथे वाढ पोहोचत नव्हती तेथे तो मजुरीच्या रूपाने न्यायचा. ग्रामीण मजुराच्या हाती आलेला पैसा धान्य, कापड, भांडी यांवर खर्च होतो आणि त्या वस्तूंच्या मागणीच्या रूपाने पुन्हा बाजारात येतो. शहरी करदात्यालाही यात स्वारस्य होते. गावात काम मिळाले तर शहराकडे येणारा लोंढा काही प्रमाणात थोपेल, अशी अपेक्षा त्यामागे होती. ती अपेक्षा किती पुरी झाली, हा वेगळा प्रश्न आहे. मीरा-भाईंदरची लोकसंख्या १९९१ मध्ये पावणेदोन लाख होती. २००१ मध्ये ती सव्वापाच लाखांच्या जवळ गेली आणि २०११ मध्ये आठ लाखांवर पोहोचली. मिठागरांच्या आणि भातशेतीच्या या टापूत उभ्या राहिलेल्या इमारतींमध्ये राज्याच्या आणि देशाच्या कानाकोपऱ्यातून रोजीरोटीसाठी आलेली कुटुंबे राहतात. घरच्या गावी पुरेसे काम असते तर यातील किती जण आले असते, याचा विचार ज्याने त्याने करावा.

हमीचा कायदा

योजना सरकारी आदेशावर चालते तोवर ती दुसऱ्या आदेशाने बंदही होऊ शकते. म्हणून तिला कायद्याचे बळ हवे होते. १९७७ मध्ये, वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना, महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी एकमताने संमत केला. आणीबाणीनंतरचा तो काळ होता. सत्ताधारी आणि विरोधक यांच्यात कमालीची कटुता होती. अशा वेळी समाजवादी, शेतकरी कामगार पक्ष, साम्यवादी आणि काँग्रेस या साऱ्यांनी एका विधेयकामागे उभे राहावे, यात वरिष्ठ सभागृहाच्या सभापतींच्या वर्षानुवर्षांच्या पाठपुराव्याचा वाटा होता. २६ जानेवारी १९७९ रोजी, शरद पवार मुख्यमंत्री असताना, कायदा अमलात आला. पागे त्यापूर्वीच सभापतिपदावरून निवृत्त झाले होते.

कायद्यातील तरतुदी आजही अभ्यासण्यासारख्या आहेत. ग्रामीण भागातील आणि क वर्ग नगरपालिकांच्या हद्दीतील अठरा वर्षांवरील कोणाही व्यक्तीने अंगमेहनतीच्या अकुशल कामाची मागणी केली की पंधरा दिवसांत काम द्यायचे. ते देता आले नाही तर बेकारभत्ता द्यायचा. कामाच्या खर्चातील किमान साठ टक्के रक्कम अकुशल मजुरीवरच खर्च झाली पाहिजे. कंत्राटदार नेमायचा नाही आणि जे काम माणसाच्या हाताने होते ते यंत्राने करायचे नाही. मजुरी कामाच्या मापावर, स्त्री-पुरुषांना एकाच दराने. कामावर पिण्याचे पाणी, सावली आणि लहान मुलांना सांभाळण्याची सोय.

यातील प्रत्येक अट अनुभवातून आलेली आहे. साठ टक्क्यांची अट नसती तर पैसा सिमेंट आणि लोखंडाकडे गेला असता. कंत्राटदाराला मज्जाव नसता तर त्याने बाहेरगावाहून स्वस्त मजूर आणून गावच्या मजुराला घरी बसविले असते. मुलांच्या देखभालीची सोय नसती तर तान्ह्या मुलांच्या आयांना काम मागण्याचा हक्क कागदावरच राहिला असता. या तरतुदींमुळे योजनेवर स्त्री मजुरांची संख्या लक्षणीय राहिली. घरातील बाईच्या हाती स्वतःच्या कष्टाची मजुरी पडणे, हे अनेक गावांत प्रथमच घडत होते.

१९७९-८० या एका वर्षात योजनेने सुमारे २० कोटी मनुष्यदिवस रोजगार पुरविला. सक्तीने कोणाची नोंदणी केलेली नव्हती. मजुरी बेताची होती आणि काम कष्टाचे होते. ज्याला दुसरीकडे चांगले काम मिळत होते तो येथे फिरकत नव्हता. त्यामुळे गरजू कोण हे ठरविण्यासाठी दाखल्यांची आणि याद्यांची फारशी आवश्यकता उरली नाही. उन्हात कुदळ धरण्याची तयारी हीच पात्रता ठरली. अमेरिकेत महामंदीच्या काळात अध्यक्ष रूझवेल्ट यांनी सार्वजनिक कामांचा प्रचंड कार्यक्रम राबविला होता. १९३५ ते १९४३ या काळात त्यावर पंचाऐंशी लाखांच्या आसपास लोकांना काम मिळाले. परंतु तो आणीबाणीचा उपाय होता आणि मंदी सरताच बंद झाला. महाराष्ट्राने काम मागण्याचा कायमचा कायदेशीर हक्क दिला.

उजेड आणि सावली

पागे यांनी योजनेच्या राज्यस्तरीय परिषदेचे अध्यक्ष म्हणूनही काम पाहिले. त्यामुळे तिच्या यशाबरोबर तिची दुखणीही त्यांनी जवळून पाहिली. हजेरीपटावर खोटी नावे चढविली जात. कामाचे माप घेण्यास विलंब होई आणि मजुरी आठवडे न् आठवडे थकत असे. पाझर तलाव मजुरांच्या कष्टाने झाला, पण त्याचे पाणी विहीर असलेल्या बागायतदाराच्या शेतात गेले, अशी टीका होऊ लागली. ती निराधार नव्हती. भूमिहीनाला मजुरी मिळाली, मालमत्ता मात्र जमीनधारकाची वाढली. दुसऱ्या बाजूने शेतकऱ्यांची तक्रार होती की योजनेमुळे शेतावर मजूर मिळेनासे झाले. या तक्रारीचा अर्थ सरळ होता. मजुराला प्रथमच पर्याय मिळाला होता आणि त्यामुळे त्याच्या मजुरीला काही एक तळ लाभला होता.

१९८८ मध्ये योजनेची मजुरी किमान वेतनाशी जोडली गेली आणि ती एकदम दुपटीच्या आसपास गेली. मजुरांच्या दृष्टीने हा न्याय होता. प्रत्यक्षात मात्र त्यानंतर योजनेवरील मनुष्यदिवस झपाट्याने घटले. मजुरी वाढली की काम मागणारे वाढायला हवेत. येथे उलटे घडले, कारण वाढीव खर्चाच्या धास्तीने यंत्रणेने कामे काढण्यातच हात आखडता घेतला, असे अभ्यासकांनी दाखवून दिले. हमी कायद्यात होती, तरी काम काढायचे की नाही हे पुन्हा कचेरीत ठरू लागले. पुढे तर योजनेच्या नावाने जमा होणारा कर आणि योजनेवर होणारा खर्च यांत मोठी तफावत पडली. शहरी नोकरदार कर भरत राहिला, पण तो पैसा पूर्णपणे खेड्यातील मजुराच्या हाती पडत नव्हता.

या सर्व त्रुटी मान्य करूनही एक गोष्ट शिल्लक राहते. ज्या गावात मजूर संघटित होते, ज्या तालुक्यात कोणी कार्यकर्ता अर्ज भरून घेऊन पोच मागत होता, तेथे योजना चालली. मृणाल गोरे, गणपतराव देशमुख यांच्यासारख्या नेत्यांनी आणि अनेक मजूर संघटनांनी या हक्कासाठी मोर्चे काढले. मोर्चा काढता आला, कारण मागण्यासाठी कायदा होता. कृपेविरुद्ध मोर्चा काढता येत नाही.

पागे यांचे १६ मार्च १९९० रोजी निधन झाले. त्याच वर्षी राज्याने फळबाग लागवड रोजगार हमी योजनेशी जोडली. लहान शेतकऱ्याने स्वतःच्या जमिनीवर आंबा, डाळिंब, बोर, काजू लावायचा आणि त्या कामाची मजुरी शासनाने द्यायची, असा तो कार्यक्रम होता. राज्यातील फळबागांचे क्षेत्र त्यामुळे मोठ्या प्रमाणावर वाढले. मजुरीतून कायमचे उत्पन्न उभे राहावे, ही पागे यांची मूळ अपेक्षा या कार्यक्रमात बऱ्याच अंशी उतरली. विधिमंडळाच्या संसदीय प्रशिक्षण केंद्राला आज त्यांचे नाव आहे.

राज्याकडून देशाकडे

पागे यांच्या निधनानंतर पंधरा वर्षांनी, २००५ मध्ये, संसदेने राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा संमत केला. २ फेब्रुवारी २००६ रोजी आंध्र प्रदेशातील अनंतपूर जिल्ह्यात त्याची सुरुवात झाली. प्रथम दोनशे जिल्हे आणि एप्रिल २००८ पासून सर्व देश त्याखाली आला. पुढे त्याला महात्मा गांधींचे नाव देण्यात आले. पंधरा दिवसांची मुदत, बेकारभत्ता, साठ-चाळीसचे प्रमाण, कंत्राटदाराला बंदी, कामावर पाळणाघर, या तासगावच्या मातीत रुजलेल्या तरतुदी देशाच्या कायद्यात गेल्या. केंद्राने कुटुंबामागे वर्षाला शंभर दिवसांची हमी दिली. महाराष्ट्राने आपल्या जुन्या कायद्याला जागून शंभर दिवसांपुढील खर्च स्वतः सोसण्याची जबाबदारी कायम ठेवली.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने या केंद्रीय कायद्याच्या जागी नवा कायदा संमत केला. त्यात दिवसांची संख्या १२५ करण्यात आली आहे. पूर्वी अकुशल मजुरीचा सर्व खर्च केंद्र उचलत असे. नव्या रचनेत बहुतेक राज्यांना एकूण खर्चाचा चाळीस टक्के वाटा द्यावा लागणार आहे. पेरणी आणि काढणीच्या हंगामात साठ दिवसांपर्यंत कामे थांबविण्याची मुभाही आहे. या बदलांवर संसदेत आणि बाहेर तीव्र वाद झाला. त्याचे राजकारण क्षणभर बाजूला ठेवले तरी महाराष्ट्रापुढे पन्नास वर्षांपूर्वीचाच प्रश्न पुन्हा उभा आहे. हमी द्यायची तर पैसा कोठून आणायचा? इतर राज्यांना याचे उत्तर नव्याने शोधावे लागेल. महाराष्ट्राकडे ते तयार आहे. व्यवसाय कर आजही गोळा होतो, उपकर आजही आकारला जातो. महिना पंचवीस हजारांपर्यंत वेतन असलेल्या महिलांना २०२३ पासून व्यवसाय करातून सूट मिळाली आहे. पण करदात्यांची संख्या १९७५ च्या तुलनेत कितीतरी वाढली आहे. तो पैसा ज्या हेतूने घेतला जातो त्या हेतूवर खर्च होतो की नाही, हे विचारण्याचा अधिकार करदात्याला आहे आणि तो त्याने बजावायला हवा.

शहराच्या दृष्टीने आणखी एक प्रश्न शिल्लक राहतो. पागे यांची हमी खेड्यांसाठी होती. त्यांच्या काळात बेकारीचे मूळ तेथे होते आणि मुंबईत गेलेल्याला काही ना काही काम मिळते, असा अनुभव होता. गिरण्या बंद पडल्या, कारखाने शहराबाहेर गेले आणि तो अनुभव जुना झाला. आज पहाटे मीरा-भाईंदरच्या मजूर नाक्यांवर थापी, कुदळ आणि रंगाचा ब्रश घेऊन उभे राहणारे गवंडी, बिगारी आणि रंगारी यांना कोणताच कायदा कामाची हमी देत नाही. केरळने २०१० मध्ये आणि राजस्थानने २०२२ मध्ये शहरी रोजगार हमीचे प्रयोग सुरू केले. जेथे ही कल्पना जन्मली त्या महाराष्ट्रात, जो देशातील सर्वाधिक नागरीकरण झालेल्या मोठ्या राज्यांपैकी एक आहे, तसा कायदा झालेला नाही. नाले साफ करणे, खाडीकिनाऱ्याची कांदळवने जपणे, पदपथ दुरुस्त करणे, शाळा-दवाखान्यांची डागडुजी अशी हातांनी करावयाची कामे या शहरात कमी नाहीत.

रिकामे हात आणि खोळंबलेली कामे एकमेकांसमोर मांडून मधली रक्कम काढायची, हा पागे यांचा हिशेब होता. तो त्यांनी एका शेतापासून सुरू केला आणि राज्याच्या कायद्यापर्यंत नेला. हाच हिशेब आता शहराच्या प्रभागापासून नव्याने मांडावा लागेल. त्यासाठी लागणारा कर आपण आधीपासूनच भरत आहोत.